न फुटलेला कोहळा

अगं, अशी जवळ ये बघू. लांब दारात उभं राहून अर्धं ऐकायचं आणि उरलेलं मनानं जोडून चार जणांना सांगायचं, ही कुठली गं तुझी सवय? परवा फोनवर तुझी आई म्हणत होती, तू तिकडे साताऱ्यात सांगत सुटली आहेस म्हणे, की मद्रासच्या मामीनं, म्हणजे मी, ऐन वेळी कोहळा अडवला म्हणून मामाच्या कंपनीची टीम बुडाली. बुडाली, हे खरं. अडवला, हेही खरं. पण मधलं सगळं गाळलंस की, आणि जे काय होतं ते मधलंच होतं. आता गप बसून ऐक. मी चौथीपुढे शाळा पाहिली नाही, पुढचं वाचायला वाणसामानाच्या पुड्यांवर शिकले, तेव्हा बोलते तसंच लिहिणार. हसायचं नाही.

आमचं घर अंबत्तूरला, कारखान्यांच्या इस्टेटीच्या अलीकडच्या गल्लीत. मामा ज्या कंपनीतून रिटायर झाले ती गाड्यांचे सुटे भाग ओतायची. फार मोठी नव्हती, पण तिची स्वतःची क्रिकेट टीम होती. शहराच्या लीगमध्ये, खालच्या कुठल्याशा डिव्हिजनमध्ये खेळायची. टीव्हीवर बघतेस तसलं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. मैदानावर काथ्याची मॅटिंग अंथरायची, कडेनं लांब खिळे ठोकायचे, झाली पिच. प्रेक्षक म्हणजे आमच्या व्हरांड्यातले तीन म्हातारे आणि चरायला आलेल्या गाई. पण त्या तिघांना विचारशील, तर जगात दुसरी टीमच नव्हती.

तिघांतले एक तुझे मामा. दुसरे समोरच्या घरातले बँकवाले भाऊजी, मूळचे नागपूरचे, बदलीवर आले ते इथलेच झाले. पोटात माया, पण तोंडातून कधी चांगला शब्द यायचा नाही. तिसरे तंजावरचे आजोबा, रेल्वेतून निवृत्त. त्यांचे खापरपणजोबा की कोण राजांबरोबर तंजावरला आलेले, तेव्हापासून हे तिकडचेच. त्यांचं मराठी ऐकलंस तर वाटेल पोथी वाचताहेत, आणि पोथी वाचता वाचता मध्येच तमिळ.

आणि तुझा दादा, म्हणजे आमचा मुलगा, त्या टीमचा फास्ट बोलर. कंपनीनं त्याला खेळाच्या कोट्यातून घेतलं होतं, पण तात्पुरतं. साहेबांनी मामांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, यंदा टीम आहे त्या डिव्हिजनमध्ये टिकली तर मुलाला कायम करू. खाली घसरली तर टीमच बंद करायची असं वरून ठरलंय, आणि टीम नसेल तर बोलर ठेवून आम्ही काय करू, तुम्हीच सांगा. आदल्या वर्षी शेवटच्या मॅचला कशीबशी वाचलेली टीम ती. म्हणजे काय टांगलेलं होतं ते कळलं ना? माझ्या मुलाची नोकरी अकरा जणांच्या हातात होती, आणि त्या अकरांतले कॅच धरणारे किती, ते मला व्हरांड्यातून रोज ऐकू यायचं.

ते वर्ष पाण्याचं. म्हणजे पाणी नसलेलं. मागल्या पावसाळ्यानं दगा दिला, तलाव आटले, शहरभर टँकर फिरायचे. कॉर्पोरेशनचा टँकर आला की गल्लीतल्या बायका रंगीबेरंगी प्लास्टिकचे कुडम, म्हणजे आपल्या घागरी गं, घेऊन धावायच्या. कधी यायचाच नाही. मग कोपऱ्यावरचा हातपंप, तोही खोकल्यासारखा आवाज काढून थोडं थोडं द्यायचा. जिथं प्यायला पाणी नाही तिथं मैदानावर कोण शिंपडणार? गवत जळून गेलं, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दादा नेटवरून घरी आला की बुटांतून पांढरी धूळ काढायचा आणि म्हणायचा, "आई, पाय जमिनीवर आपटला की दातांत वाजतं." मी आपली म्हणायची, हळू टाक. तो हसायचा. फास्ट बोलरला हळू टाक म्हणणारी त्याला मीच एकटी भेटले असेन.

सीझन सुरू व्हायचा जुलैत, पण वाद मे महिन्यापासून. कत्तिरीचं ऊन, म्हणजे इथलं ते जीवघेणं अग्निनक्षत्र. रविवारी जेवणं झाली की तिघे व्हरांड्यात चटया टाकून बसायचे.

"एका बाजूनं आपला पोरगा टाकेल," मामा म्हणायचे. "दुसऱ्या बाजूनं कुणालाही द्या. हिला द्या हवं तर."

"वहिनींना द्यायला माझी हरकत नाही," भाऊजी म्हणायचे. "वहिनी निदान सरळ तरी टाकतील. पण कॅच सोडणारे तेच ना? ओपनर गेला होसूरच्या प्लँटला. कीपरचं लग्न झालं."

"लग्न झालं म्हणून काय हात गळून पडले?"

"हात नाही, लक्ष. मागल्या वर्षी बघायला बायको नव्हती तेव्हा चार सोडले. आता ती येणार."

"तुम्ही नागपूरचे लोक ना, बारशाला जाऊन बाराव्याचं बोलता."

"मग तुम्ही सांगा, आपण का नाही हरणार ते!"

आजोबा डोळे मिटून ऐकायचे. मग हळूच म्हणायचे, "पहिली मॅच आडी महिन्यांत पडते की हो. आडींत कोण काय आरंभ करतो? लग्न करीत नाहींत, घर बदलीत नाहींत. ह्यांनीं मॅच ठेविली."

"आजोबा, लीगवाल्यांना सांगा की," भाऊजी म्हणाले. "म्हणावं आमच्या टीमचा मुहूर्त बघून ठेवा."

सगळे हसले. मी ताकाचे पेले घेऊन दारात उभी होते. दादा पायरीशी, खांबाला टेकून. तोही हसला, पण नुसत्या ओठांनी. बाकीच्यांची पोटं हलत होती, आणि हा छाती धरून, श्वास अडवून उभा, जणू आत काहीतरी काठोकाठ भरलंय आणि हिंदकळलं तर सांडेल. माझ्या हातातला पेला तिरका झाला, ताक पायावर पडलं. तेव्हापासून मी बघायला लागले.

अगं, एकदा बघायला लागलं की मग दिसतंच राहतं. शिंक यायला लागली की तो आधी भिंत धरायचा. बुटाची नाडी वाकून बांधायचा नाही, पाय ग्रिलवर ठेवून बांधायचा. हाक मारली तर मान वळवायचा नाही, सगळाच्या सगळा वळायचा. जेवायला खाली मांडी घालून बसणं बंद. "उकडतंय आई, उभ्यानंच खातो," म्हणून ताट हातात घेऊन खिडकीशी. पंपावर मी कुडम भरून ठेवला तर दोन हातांनी उचलायच्या आधी इकडेतिकडे बघायचा, कुणी बघत नाही ना. आणि उचलल्यावर चेहरा असा व्हायचा, पांढरा.

मी विचारलं. "पाठ का?"

"फास्ट बोलरची पाठ दुखतेच, आई. सीझन होऊ दे."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं आणि त्यानं नको खेळू म्हटलं तर?" एवढंच बोलला आणि डोक्यावरून टॉवेल घेतला.

मी मामांना सांगितलं. तू म्हणशील मामीनं लपवून ठेवलं, तर तसं नाही. त्याच दिवशी सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, तू आई आहेस, तुला त्याला सर्दी झाली तरी न्यूमोनिया दिसतो." मग पेपर खाली ठेवला. "ह्या सीझनपुरता प्रश्न आहे," म्हणाले. "कायम झाला की मग काय त्या पाठीचं हवं ते करू." त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनाही दिसलं असणार गं. पण माणूस एकदा व्हरांड्यात बसून 'एका बाजूनं आपला पोरगा' म्हणायला लागला की त्याला दुसरं काही बघवत नाही.

जूनमध्ये वादाला वेगळं वळण लागलं. इथं नवीन काही सुरू करताना कोहळा फोडतात, पाहिलंयस ना? दुकान उघडलं, लॉरी आणली, घर बांधलं, की पांढरा कोहळा घ्यायचा, वरून भोक पाडून आत कुंकू भरायचं, डोक्यावर कापूर पेटवायचा, दृष्ट काढायची आणि रस्त्यात आपटायचा. आमची टीमही सीझनआधी मैदानावर फोडायची. तर आजोबांनी काढलं, "गेल्या वर्षीं कोहळा नीट फुटला नाहीं. दोन फोडी झाल्या, बस्स. चूर व्हावा लागतो."

मला वाटलं भाऊजी टर उडवतील. पण भाऊजीच म्हणाले, "होय हो. लहानही होता. नारळाएवढा. ऑफिसच्या प्यूननं दहा मिनिटांत कुठूनतरी उचलून आणलेला." ज्या माणसाचा देवावर विश्वास नाही, त्याचा कोहळ्यावर बसला. हरायची भीती वाटली की असंच होतं.

"यंदा मी आणतो," मामा म्हणाले. "कोयंबेडूच्या मंडईत जाऊन. सगळ्यांत मोठा. आणि फोडायला आपला पोरगाच. त्याच्या हाताला यश आहे. तो आपटेल असा की बिया अंबत्तूर स्टेशनापर्यंत जातील."

आजोबा ताठ बसले. "अय्यो, तसं करूं नये. ज्याची दृष्ट काढायची त्याच्या हातीं कोहळा देत नाहींत. दुसऱ्यानें ओवाळावा, दुसऱ्यानें फोडावा."

"आमच्याकडे नारळ ज्याचं काम तोच फोडतो," मामा म्हणाले.

"नारळ वेगळा की हो. नारळ देवाला. हें कोहळें कुणाला, तुम्हांला ठाऊक आहे का?"

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मामा आणि भाऊजी, जे आयुष्यात कधी एका मताचे झाले नव्हते, ते त्या दिवशी झाले. साताऱ्याचा नारळ आणि मद्रासचा कोहळा एकात एक मिसळून त्यांनी आपली नवीनच रीत केली. आतून मी ओरडले, "अहो, आजोबा सांगताहेत तर ऐका की!" तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही मिरच्या-मोहऱ्या ओवाळा घरी. हे टीमचं मॅटर आहे."

कोहळा आला तो स्कूटरवर, मामांच्या दोन पायांच्या मध्ये, तान्हं बाळ आणावं तसा. खरंच सांगते, एवढा मोठा मी आजवर पाहिला नव्हता. वरून पांढरी राख फासल्यासारखा. दोन दिवस तो हॉलमध्ये टीव्हीखाली होता, आणि दादा येता जाता त्याच्याकडे बघायचा. आम्हा दोघांना तो काय आहे ते समजत होतं. कोहळा नव्हता गं तो, वजन होतं.

"तू नको म्हण," मी त्याला म्हणाले. "हात दुखतोय म्हण, काहीही म्हण."

"सगळी टीम असणार, आई. मॅनेजर असणार. कोहळा उचलता येत नाही म्हणणारा बोलर कायम करतील का ते?"

मी एरवी कधी मैदानावर गेले नव्हते. त्या रविवारी सकाळी कुंकवाचा करंडा पदरात घेऊन मामांच्या मागे स्कूटरवर बसले.

मैदान म्हणजे भाजलेली कवडी. पोरं मॅटिंग अंथरत होती. खिळे ठोकायला लागले तर जाईनात. हातोडा मारला की खिळा वाकायचा. एक वाकला, दुसरा वाकला, कीपर हसायला लागला, मग हसायचा थांबला. शेवटी चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. टीम ओळीनं उभी राहिली. मॅनेजर छत्री उघडून सावलीत. आजोबा मात्र ओळीपासून लांब, गोलपोस्टच्या मोडक्या खांबाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

मी कुंकू भरलं. मामांनी कापूर पेटवला. दादा पुढे आला. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. गुडघ्यांवर बसून, पाठ खांबासारखी ताठ ठेवून त्यानं कोहळा छातीशी घेतला आणि तसाच उठला. टीमला वाटलं, काय भक्तीनं उचलतोय. टाळ्या वाजल्या. त्यानं तीनदा फिरवला. मग हात वर नेले, कोहळा डोक्याच्या वर. कापराची ज्योत उन्हात दिसत नव्हती, नुसती हवा थरथरत होती.

"पोडुडा!" टीम ओरडली. आपट, आपट!

आणि तो थांबला.

हात वर, कोहळा वर, डोळे उघडे. ना खाली, ना वर. आधी सगळे ओरडत राहिले, वाटलं नाटक करतोय. भाऊजी म्हणाले, "अरे, नेम धरतो आहेस का?" कुणीतरी हसलं. मी त्याच्या पायांकडे बघत होते. मांड्यांची कातडी बारीक बारीक उडत होती, माशा बसल्यावर बैलाची उडते तशी. त्याच्या हनुवटीवरून घाम मॅटिंगवर पडताना दिसत होता मला.

मी मॅटिंगवर चढले. चपला घालून. "वहिनी, चपला!" कुणीतरी ओरडलं. मी गेले आणि खालून कोहळ्याला दोन्ही हात लावले. "सोड," म्हटलं.

"आई," तो ओठ न हलवता बोलला, "मला खाली वाकता येत नाहीये. कमरेच्या खाली काही लागतच नाहीये."

"सोड. मी धरलाय."

त्यानं सोडला. पेटता कापूर माझ्या मनगटावरून घसरून खाली पडला, त्याचा डाग अजून आहे. कोहळा मी पोटाशी धरून खाली बसले आणि मॅटिंगच्या बाहेर, मातीत ठेवला. अख्खा. तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. दादा गुडघ्यांवर आला होता, मग आडवा झाला.

कुणी म्हणालं, "अहो, कोहळा फोडा तरी कुणीतरी, अपशकुन होईल!" कोण बोललं ते मला माहीत आहे, नाव सांगणार नाही, बिचारा घाबरला होता. कुणीच पुढे झालं नाही. आजोबा पळत आले, ह्या वयात, आणि माझ्या मुलाच्या डोक्याशी बसले. ज्या मॅटिंगवर तो टाकणार होता तिचाच तुकडा कापून, त्याच्यावर निजवून, पोरांनी त्याला टेम्पोत ठेवला. मामा सगळा वेळ त्याचे बूट हातात धरून होते. कधी काढले कुणास ठाऊक.

एक्स-रेच्या फोटोत मणक्याच्या हाडाला चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाची नाही, किती तरी दिवस हा चीर घेऊन पळतोय. पायांत जीव आला संध्याकाळपर्यंत, देवाची कृपा. पण पडून राहायचं, सपाट, पोटाला पट्टा बांधून. आणि बोलिंग? डॉक्टरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

आता ह्यापुढचं तुला कुणी सांगितलं नसेल, कारण घरात दादा आणि मी, दोघंच होतो ऐकायला.

पुढच्या रविवारी मला वाटलं कुणी येणार नाही. दुपारी फाटक वाजलं. भाऊजी आले, आजोबा आले. मामांनी चटया टाकल्या. दादा आत, खिडकीच्या खाली जमिनीवर, पाठीवर. मग भाऊजींनी घसा खाकरला. "दुसऱ्या बाजूचं ठीक होतं," ते हळूच म्हणाले. "आता पहिल्या बाजूनं कोण?"

मी उठले. खिडकी लावून घेणार होते, आणि खरं तर बाहेर जाऊन चार शब्द सुनावणार होते.

"आई, राहू दे," दादा म्हणाला. "ऐकू दे."

"कशाला ऐकतोस?"

"मग काय छत बघू?"

बाहेर मामांचा आवाज. इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही. "तो डावखुरा आहे. स्टोअरमधला."

"त्याला? आठ पावलं धावला की दम लागतो."

"मग तुम्ही सांगा."

आणि आतून, छताकडे बघत, दादा ओरडला, "बाबा, डावखुऱ्याला वाऱ्याच्या बाजूनं द्या! आणि नवा बॉल नका देऊ, त्याला धरता येत नाही!"

मग आजोबा म्हणाले, "बरोबर बोलतो की मुलगा." आणि मामा उठून गल्लीत निघून गेले, चपला न घालता, त्या उन्हात. ते परत आले तेव्हा टँकर आला होता, मी पाण्याला गेले, आणि त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

टीम आडीतली पहिली मॅच हरली, मग दुसरी, मग हरतच गेली. दर रविवारी तिघे बसायचे, आतून चौथा बोलायचा. डिसेंबरात टीम खाली गेली, कंपनीनं खेळ बंद केला, दादाला कायम केलं नाही. कुणी म्हणालं कोहळा, कुणी म्हणालं चपला. मी कुणाला उत्तर द्यायला गेले नाही. तो न फुटलेला कोहळा गाईंनी खाल्ला असेल.

आता तो इस्टेटीतल्याच एका लहान कारखान्यात आहे, माल तपासायचं काम, उभ्यानं करायचं. चालतो छान, माझ्यापुढे जातो. बायको आली, ती इथलीच, त्याच्या पाठीला रोज तेल लावते आणि रोज ओरडते. फक्त एका जागी फार वेळ बसवत नाही त्याला. साताऱ्याची गाडी म्हणजे रात्रभर आणि वर अर्धा दिवस, ते त्याला झेपत नाही, म्हणून तुझ्या कुठल्याच कार्याला तो दिसला नाही, मग लोक म्हणतात मद्रासला जाऊन शेफारला. तो काही सांगायचा नाही. तेव्हा तूच ये बाई, पोरांना घेऊन, आणि लवकर ये. जानेवारीत ये, ऊन मऊ असतं, मी तांदळाची धिरडी करीन. त्याच्याशी खाली चटईवर आडवं पडून बोलायला लागतं, तेवढं पोरांना आधी सांगून ठेव.